घर ताईच्या नावावर आणि नगर रोडही तिच्याच वाट्याला: वाघोलीतल्या एका फ्लॅटचं प्रकरण

जून २०२४ मधला एक रविवार. रात्री जेवताना ताईने एकदम सांगून टाकलं की मी नोकरी सोडतेय. कसला आवाज नाही, भांडण नाही, भाकरी मोडता मोडता पावसाबद्दल बोलावं तसं. दाजींचा हात ताटातच थांबला आणि ते एवढंच म्हणाले, "मग हप्ता?" भाचा दुसरीत, त्याने विचारलं, "म्हणजे तू रोज घरी?" आणि तो इतका खूश झाला की ताई उठून ओट्यापाशी जाऊन उगाच गॅस पुसायला लागली.

मी तिथंच होतो, दर दोन रविवारी असतो. मी सडाफटिंग, कोथरूडला रूम करून राहतो, आणि घरात कोणाला काही हिशोब लावायचा असला की एक्सेल उघडायचं काम माझ्याकडे. तर पुढचं सगळं त्या रात्रीपासून वर्ष-दीड वर्षात जे झालं ते आहे, दोघांना विचारून लिहितोय. दाजी म्हणाले लिही, फक्त कंपनीचं नाव नको. ताई म्हणाली आकडे बरोबर लिही.

आकडे बरोबर असणारच, कारण ताई डेक्कनला एका सीएच्या ऑफिसात अकरा वर्षं अकाउंट्स बघते. तिच्याकडे एक लांबट रजिस्टर आहे, त्यात तिने जानेवारी २०२४ पासून रोजचं लिहून ठेवलं होतं: किती वाजता निघाले, किती वाजता पोचले, परत किती वाजता निघाले, घरात कधी शिरले आणि शेवटी रिमार्क. का लिहितेस विचारलं तर म्हणाली, "वेळ जातोय कुठं ते कळायला नको?" हे रजिस्टर नसतं तर हे प्रकरण नेहमीसारखं "जमत नाही गं", "थोडे दिवस काढू", "मेट्रो येईल मग बघू" यातच विरून गेलं असतं.

घर घेतलं कसं, ते आधी

नारायण पेठेत जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके, भाडं साडेबारा हजार. ताईचं ऑफिस नदीपलीकडे, भिडे पुलावरून पायी पंधरा मिनिटं, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की झेड ब्रिजवरून वीस. ती दुपारी जेवायला घरी यायची, आता हे सांगितलं तर वाघोलीतल्या तिच्या मैत्रिणींना खोटं वाटतं.

दाजींचं उलटं. कंपनी नगर रोडवर, वाघोलीच्याही पुढे, रांजणगाव एमआयडीसीत. कंपनीची बस शिवाजीनगरहून पहाटे सव्वापाचला, म्हणजे उठायचं चारला. सातची पहिली पाळी, साडेतीनला सुटले की नगर रोडच्या ट्रॅफिकमधून पेठेत यायला सहा. दुसऱ्या पाळीला रात्रीचे दोन-अडीच. एक आठवडा ही, एक आठवडा ती, असं आठ वर्षं काढलं त्या माणसाने. आठ वर्षांत आम्ही सगळे "दाजी दमलेत, झोपू दे" एवढंच म्हणत आलो आणि त्यात कोणाला काही केस स्टडी दिसली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे वाचताना दाजी व्हिलन वाटतील आणि ते तसे नाहीत.

तर घर घ्यायचं ठरलं तेव्हा बजेटमध्ये काय बसतं हे बघितलं, आणि जे बसत होतं ते नऱ्हे, मांजरी, चऱ्होली, वाघोली असलंच होतं. त्यात वाघोली पक्की झाली ती दाजींमुळे, कंपनीची बस वाघोलीतच केसनंद फाट्यावर थांबते म्हणून. शिवाय ३० जून २०२१ ला जी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली त्यात वाघोली होती, म्हणजे "आता काय कॉर्पोरेशनच आहे, पाणी येणारच", हे वाक्य आम्हाला सेल्स ऑफिसात, साइटवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकायला मिळालं.

फ्लॅट ४४ लाख ९० हजारांचा. हा आकडा असाच पडलेला नाही बरं का. ४५ लाखांच्या आत आणि पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत असलं तर ते जीएसटीच्या भाषेत अफोर्डेबल घर, बांधकाम चालू असताना जीएसटी एक टक्का. त्याच्या वर गेलं की पाच. म्हणून नगर रोडला, चाकणला, मोशीला तुम्हाला ४४.९० चे फ्लॅट ढिगाने दिसतील, बुटाच्या दुकानात ९९९ असतं तसे. ताईने तिथंच कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं: एक टक्का म्हणजे ४४ हजार ९००, पाच टक्के असते तर सव्वादोन लाखाच्या आसपास. सेल्सवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, तुम्हालाच नोकरी द्यायला पाहिजे."

करार मार्च २०२२ मध्ये घाईघाईत उरकला, कारण १ एप्रिलपासून पुण्यात स्टॅम्प ड्युटीवर एक टक्का मेट्रो सेस लागणार होता. घर एकट्या ताईच्या नावावर, कारण बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट, म्हणजे सहाऐवजी पाच, दोन लाख साडेचोवीस हजार. अधिक तीस हजार रजिस्ट्रेशन. सगळं मिळून ४७ लाख ८९ हजार ४००. अडतीस लाख लोन, बाकी दाजींचा पीएफ, ताईच्या दोन बांगड्या आणि आमच्या आईची एफडी. ३१ मार्चच्या आत लोन मंजूर झालं म्हणून इन्कम टॅक्सच्या ८०ईईए कलमाखाली व्याजावर दीड लाखाची जादा वजावटपण मिळणार होती. ताईने मेट्रो सेस वाचवला याचा तिला फार आनंद. मेट्रो त्या वेळी वनाज ते गरवारे कॉलेज आणि तिकडे पिंपरी ते फुगेवाडी एवढीच धावत होती, जेमतेम तीन आठवडे झाले होते सुरू होऊन.

आता चूक काय झाली ते. साइट बघायला आपण कधी जातो? रविवारी. आम्हीपण रविवारीच गेलो, सकाळी साडेनऊला पेठेतून निघालो, दहा-दहाला वाघेश्वर मंदिराशी, चाळीस मिनिटं. दाजी म्हणाले "बघ, चाळीस मिनिटं." आणि हे चाळीस मिनिटं पुढे वर्षभर आमच्या घरात वेदवाक्य होतं. सोमवारी सकाळी नऊला, उलट्या बाजूने, बसने, कोणी जाऊन बघितलंच नाही. म्हणजे घर ज्याच्यासाठी जवळ होतं त्याच्या हिशोबाने बघितलं गेलं, आणि ज्याच्या नावावर होतं तिच्या हिशोबाने बघायचं राहूनच गेलं. मीपण सोबत होतो, मलाही सुचलं नाही.

राहायला गेल्यावर

२०२३ च्या अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश. तोवर रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट, ज्यावर लोनचं व्याज हलतं, ४ वरून साडेसहाला जाऊन पोचला होता. ताईचं लोन घेतलं तेव्हा पावणेसात टक्क्याने, हप्ता २८ हजार ९०० येणार होता, पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत तो ३४ हजार ८०० झाला. बँकेला म्हणलं मुदत वाढवा, तर सव्वानऊ टक्क्याने अडतीस लाखावर महिन्याचं नुसतं व्याजच एकोणतीस हजारांच्या वर जातं, म्हणजे जुन्या हप्त्यात मुद्दल कधी फिटलंच नसतं. ताईचा पगार ३४ हजार. तो सगळा हप्त्यात जातो आणि वर आठशे रुपये दाजींकडून. आता कळलं असेल त्या रविवारी दाजींच्या तोंडून आधी "मग हप्ता?" का आलं.

पाण्याचं सांगतो, कारण वाघोलीत दुसरं काही बोललं नाही तरी पाण्याबद्दल बोलावंच लागतं. बांधकाम परवानगीच्या वेळी बिल्डर हमीपत्र लिहून देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. सोसायटी ताब्यात दिली की ते हमीपत्र फाइलमध्ये आणि टँकरचं बिल सोसायटीकडे. आमच्यात (मी "आमच्यात" म्हणतोय, मी राहत नाही तिथं, पण मीटिंगा मीच जास्त अटेंड केल्यात) २४० फ्लॅट, बोअरवेल फेब्रुवारीत मान टाकते. माणशी १३५ लिटर धरलं, घरात चार माणसं, तर दिवसाला एक लाख तीस हजार लिटर लागतं, म्हणजे दहा हजारी तेरा टँकर. सगळे फ्लॅट भरलेले नाहीत म्हणून दहात भागतं. टँकरला बाराशे रुपये धरा, महिन्याला तीन लाख साठ हजार, भागिले २४०, दीड हजार रुपये फ्लॅटमागे. फक्त पाणी. मेंटेनन्सचे चोवीसशे वेगळे.

आणि विचारायला जावं कुठं? गाव महापालिकेत, पण या तेवीस गावांचं नियोजन सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलेलं, आणि नगर रोड हायवे, त्याचं तिसरंच खातं. पाण्याला एका दारात, नकाशाला दुसऱ्या, खड्ड्याला तिसऱ्या. सेक्रेटरी काका रिटायर्ड आहेत म्हणून जमतं त्यांना, नोकरी करणाऱ्या माणसाचं काम नाही ते.

टँकरचा एक किस्सा मात्र सांगितलाच पाहिजे. गेटवरचा वॉचमन टँकर आला की भिंतीवर खडूने रेघ मारायचा, पाचवी रेघ आडवी. महिनाअखेर रेघा मोजायच्या आणि बिल द्यायचं. ताई एकदा पहाटे सहाला दूध आणायला खाली गेली तर पहिला टँकर रिकामा होत होता आणि तिला वाटलं हा लवकर संपला. बस, अकाउंट्सवाली बाई, डोक्यात किडा गेला. तिने चार दिवस टाकीत काठी घालून टँकरच्या आधीची आणि नंतरची ओल मोजली, टाकीच्या लांबी-रुंदीने गुणलं, तर कुठलाच टँकर दहा हजाराचा निघेना, साडेआठ, पावणेनऊ. कमिटीत तिने तो कागद ठेवला तेव्हा पहिल्यांदा "तुम्हाला यातलं कळत नाही वहिनी" झालं, आणि पुढच्या महिन्यात इनलेटला मीटर बसला. आता लिटरवर पैसे देतात. पाण्याचा खर्च दीड हजारावरून साडेबाराशेवर आला. मीटरच्या डब्याला कुलूप आहे आणि किल्ली ताईकडे.

बाकी वाघोली वाईट नाही, हे पण लिहायला पाहिजे. सोसायटीत अर्धे लोक लातूर-बीड-नगर-जळगावकडचे, सगळेच नवे, त्यामुळे पेठेसारखं "तुम्ही कुठले" करून कोणी मोजत नाही. गणपतीत जेवणाची पंगत खाली पार्किंगमध्ये, दोनशे माणूस. भाच्याला खाली खेळायला अठरा पोरं, पेठेत त्याला जिना होता. हॉल मोठा, दोन्ही खोल्यांना खिडक्या. धूळ आहे, खाणी आणि क्रशर जवळ, वाळत घातलेले पांढरे शर्ट संध्याकाळपर्यंत बदामी होतात, पण ताई म्हणते धुळीचं काय, झटकता येते.

रजिस्टर

आता मुख्य. फेब्रुवारी २०२४, ऑफिसचे दिवस २२. सकाळी वाघोलीहून मनपाकडे (महापालिका भवनाच्या स्टॉपकडे) जाणारी बस, तिथून डेक्कनला पायी किंवा दुसरी बस. जाताना सरासरी एक तास अडतीस मिनिटं, येताना एक तास बावन्न. दिवसाला साडेतीन तास. महिन्याचे ७७ तास, म्हणजे तीन दिवस-रात्री आणि वर पाच तास, नुसतं बसमध्ये आणि स्टॉपवर.

रिमार्कचा रकाना मी आधी वाचलाच नव्हता. "उभी." "उभी." "खराडी बायपास २५ मि." "बस आलीच नाही, दुसरी भरून." "बसायला मिळालं (चंदननगरनंतर)." "उबाळेनगर ते फाटा चालत, बसपेक्षा लवकर." हे शेवटचं तिने तीन वेळा लिहिलंय. दर ११ आणि २० तारखेच्या ओळीला लाल पेन, कारण ११ ला जीएसटीचं आर-१ आणि २० ला ३बी, या दोन रिटर्नांची शेवटची तारीख, क्लायंट सगळे आदल्या रात्री जागे होतात, त्या दिवशी ऑफिसातून निघायलाच आठ. २० फेब्रुवारीला घरात शिरल्याची वेळ ९:५५. रिमार्क: "झोपलेला."

६ मार्च २०२४ ला मेट्रो रूबी हॉलपासून रामवाडीपर्यंत आली. ताईने बस सोडली, स्कूटी काढली, वाघोली ते रामवाडी स्कूटी, गाडी लावायची, मेट्रोने डेक्कन जिमखाना. जाताना एक दहा, येताना एक वीस, दिवसाचे अडीच तास. तास वाचला म्हणून पहिला महिना ती फार खूश होती. पैसे वाढले, बसचा पास तेव्हा ९०० चा होता (जून २०२५ पासून १५०० झाला), आता पेट्रोल, मेट्रो, पार्किंग मिळून तेवीसशे. ते परवडलं. जे परवडेना ते नगर रोडवर स्कूटी चालवणं. डंपर, मिक्सर, टँकर आणि मध्ये आपण. तिची डिकी उघडली तर आत स्कार्फ, रेनकोट, कोरडे मोजे, गॉगल, एक जुना टॉवेल आणि विक्सची डबी. एप्रिलमध्ये वाळू सांडलेली होती तिथं घसरली, लागलं नाही फार, गुडघा. घरी सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं: "पडले. ठीक." मला ते जूनमध्ये वाचताना सापडलं. (त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केसनंद फाट्यावर डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेला, तिघं गेले, त्यात लहान मुलं. त्यानंतर आईने ताईला रोज "पोचलीस का" फोन सुरू केला तो अजून चालू आहे.)

तर त्या रविवारनंतर आम्ही तिघं बसलो. मी एक्सेल उघडलं आणि ताईच्या तासांशेजारी दाजींचे तास मांडले, सहज, कारण रकाना रिकामा दिसत होता. आणि तिथंच सगळं दिसलं. दाजींची बस आता फाट्यावरून पाच पंचावन्नला, पेठेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. साडेतीनला सुटले की चार चाळीसला घरात, आधी सहा वाजायचे. रोजचे दोन तास दाजींना मिळाले. ताईचे आधी अर्धा तास जायचे, ते साडेतीन झाले, मग अडीच. बसच्या दिवसांत दाजींना मिळाले त्याहून ताईचे जास्तच गेले, मेट्रोनंतर बरोबर तेवढेच. घर बदललं म्हणजे प्रवास या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, आणि बसच्या दिवसांत तर वर थोडं वजन वाढून गेला.

आणि अजून एक. भाचा शाळेच्या व्हॅनने पावणेतीनला येतो आणि समोरच्या काकूंकडे जातो, ताई येईपर्यंत, साडेसात-आठ. काकू उदगीरकडच्या, पैसे घेत नाहीत, त्यांच्या जावयाचं रिटर्न ताई भरते. ही व्यवस्था लावली तेव्हा दाजींची दुसरी पाळी होती, ते सव्वादोनलाच निघायचे. नंतर पहिल्या पाळीचा आठवडा आला तरी व्यवस्था तीच राहिली. मी विचारलं, "दाजी, पहिल्या पाळीला तुम्ही पावणेपाचला घरी असता ना? मग तो काकूंकडे आठपर्यंत कशाला?"

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी झोपतो ना तेव्हा."

चारला उठणारा माणूस, झोपणारच. पण ते आता चारला उठत नव्हते, पाचला उठत होते, आणि सहा वाजता उठून चहा घेऊन खाली क्रिकेटला जात होते. घरात दाजी आणि समोरच्या दारात पोरगा, मध्ये सहा फुटांचा पॅसेज. कोणी वाईट वागलं नव्हतं, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ताईच्यापण. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही दमता." ते म्हणाले, "अगं दमतोच." आणि दोघं हसले, पण ताईचे डोळे भरले होते.

पर्याय काय काय बघितले

नोकरी सोडणं तर आकड्यातच बसत नव्हतं, पगार म्हणजेच हप्ता. वाघोलीचा फ्लॅट भाड्याने देऊन परत शहरात जायचं, हा पर्याय मला वाटलं होतं त्याहून स्वस्त निघाला: इकडे सतरा हजार येतील, तिकडे कर्वेनगर नाहीतर पेठेत वन बीएचकेला वीस-बावीस जातील, मेंटेनन्स आपल्याच बोडक्यावर, म्हणजे महिन्याला सहा-सात हजाराचा खड्डा. ओढूनताणून जमलं असतं. मी हे सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले, "परत सव्वापाचला शिवाजीनगर?" आणि ताईच आधी म्हणाली, नको. पोराची शाळापण बदलावी लागली असती. तिसरं म्हणजे खराडीत नोकरी. ताईने एक इंटरव्ह्यू दिला, अठ्ठावीस हजार सांगितले, शनिवार पूर्ण, आणि कामाला लागल्यावर वर्षभर सुट्टीचं नाव काढायचं नाही. इथं अकरा वर्षांत सरांनी पोराच्या आजारपणात कधी एक दिवस कापला नाही. ती म्हणाली, सहा हजार कमी घेऊन मी पुन्हा पहिलीपासून कोणाला माझी किंमत सांगत बसू?

मग जे केलं ते अगदी साधं आहे, सांगायलाही काही विशेष वाटत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात चार चाळीसपासून पोरगा आणि संध्याकाळचं जेवण दाजींकडे. त्यांना भाजी येत नव्हती, पिठलं येत होतं, त्यामुळे जुलै २०२४ हा आमच्या घरात पिठल्याचा महिना म्हणून ओळखला जातो. ते आधी चाळीस मिनिटं झोपतात, भाच्याने घड्याळ लावायचं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळची शाळा, डबा, टँकरचं रीडिंग दाजींकडे, संध्याकाळ काकूंकडे. ताईने सरांशी बोलून मंगळवार-गुरुवार घरून काम मागितलं, अकाउंट्सचं टॅली घरच्या लॅपटॉपवर चालतंय म्हणल्यावर सर तयार झाले, अट एकच की ११ आणि २० ला ऑफिसात यायचंच. आठवड्याच्या सहा फेऱ्यांच्या चार झाल्या.

हे सगळं नीट चाललं असंही नाही. घरून कामाच्या दिवशी लाईट जाते, सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला. दाजींच्या कंपनीत ऑर्डर वाढली की ओव्हरटाइम लागतो, मग पुन्हा काकू. ऑक्टोबरमध्ये ऑडिटच्या सीझनला तीन आठवडे ताई रोज गेली आणि रजिस्टर परत फेब्रुवारीसारखं दिसायला लागलं. १ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या मानवंदनेला लाखोंनी लोक येतात, नगर रोड वळवतात, त्या दिवशी दाजी घरी असतात आणि ताईला बाहेर पडता येत नाही, तो एक दिवस दोघांना मिळून सुट्टी, तेवढाच.

२०२५ मध्ये रेपो उतरायला लागला, जूनपर्यंत साडेपाचला आला, ताईचा हप्ता साधारण चोवीसशेने कमी झाला. त्याच जूनमध्ये केंद्राने रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला मंजुरी दिली, वनाज-चांदणी चौकाचा तुकडा धरून पावणेतेरा किलोमीटर, ३६२६ कोटी. सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो, आणि तासाभरात कोणीतरी "आता रेट किती झाला" विचारलंच. ताईने मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. भाचा तोवर नववीत असेल, म्हणाली.

कमी झालेले चोवीसशे तिने बाजूला ठेवलेत, ११ आणि २० तारखेसाठी. त्या दिवशी रात्री स्कूटी नाही, रामवाडीहून रिक्षा. रिक्षावाले वाघोली म्हणलं की बायपासच्या पुढे यायला कुरकुरतात, रिटर्न भाडं द्या म्हणतात, कधी यायला तयार होतात, कधी होत नाहीत.

मागच्या २० तारखेला मी तिथंच होतो म्हणून रजिस्टर उघडून बघितलं. पहिल्या पाळीचा आठवडा होता. दाजी पोराला काकूंकडे झोपवून, जास्तीचं हेल्मेट हाताला अडकवून साडेआठलाच निघाले होते रामवाडीला, स्टेशनच्या खाली अर्धा तास उभे. दोघं घरात शिरले तेव्हा ९:५०. ताईने हातपाय धुतले, टीव्हीखालचं रजिस्टर काढलं, वेळ लिहिली, आणि लाल पेनाने रिमार्कमध्ये: "घ्यायला आले होते. ट्रॅफिक तेवढंच."